कॉम्प्युटरची कुंडली : गणित कशाचे, भविष्य कशाचे?

मुंबईहून निघालेली लोकल कल्याण सोडून कर्जतच्या दिशेला वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. १९९० च्या दशकात या गावांत पर्सनल कॉम्प्युटर आला तो डीटीपीच्या दुकानांतून, हिशेबनिसांच्या कचेऱ्यांतून आणि ‘कॉम्प्युटर क्लास’मधून. त्याच सुमारास ‘येथे कॉम्प्युटरवर पत्रिका करून मिळेल’ अशा पाट्याही दिसू लागल्या. जे टिपण करायला जोशीबुवांना पंचांग घेऊन तासभर बसावे लागे, ते काही मिनिटांत छापून हाती पडू लागले. पुढे फ्लॉपी गेली, डॉस गेले, आता हीच सोय प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. पण त्या पाटीने लोकांच्या मनात रुजवलेली एक समजूत मात्र गेलेली नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला या समजुतीची गाठ वर्गातच पडते. ‘सर, पत्रिका कॉम्प्युटरने काढली आहे, मग ती चुकेल कशी?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॉम्प्युटर बेरीज चुकत नाही हे खरे आहे. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत आधी सांगता येते हेही खरे आहे. मग त्याच यंत्राने, त्याच ग्रहांवरून सांगितलेले भविष्य खोटे का मानावे? ‘ज्योतिष ही अंधश्रद्धा आहे’ एवढे म्हणून या प्रश्नाचे उत्तर होत नाही. त्यासाठी प्रोग्रॅमच्या आत काय चालते ते उघडून पाहावे लागते. आम्ही येथे तेच करणार आहोत. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या प्रोग्रॅमचे नाही, त्या जातीच्या सगळ्याच प्रोग्रॅमचे आहे.

फ्लॉपीतून आलेले पंचांग

त्या काळातील यंत्राची आठवण आधी करून घेऊ. डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला वापरण्यासाठी ६४० किलोबाइट एवढीच मूळ स्मरणशक्ती असे. सव्वापाच इंची फ्लॉपीत ३६० किलोबाइट किंवा १.२ मेगाबाइट आणि साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर मावे. पत्रिकेचा प्रोग्रॅम अशा एक-दोन फ्लॉप्यांवरून हार्ड डिस्कवर उतरवायचा, प्रिंटर कोणता ते सांगायचे आणि सुरू करायचे. काही प्रोग्रॅमबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावायची एक डबी येई. ती लावली नाही तर प्रोग्रॅम चालत नसे. मराठी अक्षरे पडद्यावर आणायची तर आणखी एक खटपट. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड त्यासाठीच होते.

यानंतर प्रोग्रॅम तीन गोष्टी विचारतो : जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. येथेच पहिला खड्डा आहे. डॉसला देश कोणता ते सांगितले नसेल, तर ते तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी घेते. ज्या प्रोग्रॅमने हा क्रम डॉसवरच सोडला, त्यात ४-८-१९६२ ही तारीख ४ ऑगस्टऐवजी ८ एप्रिल होते. २२-७ लिहिले तर बाविसावा महिना नसल्यामुळे यंत्र तक्रार करील. पण दोन्ही आकडे १२ च्या आत असतील तर ते मुकाट्याने चुकीची पत्रिका काढील. वर्षात अशा मुकाट चुकणाऱ्या तारखा किती? १२ गुणिले १२ म्हणजे १४४, त्यातून १-१, २-२ अशा एकसारख्या १२ वजा केल्या की १३२. वर्षाच्या तिसऱ्या भागाहूनही जास्त दिवस!

जन्मस्थळाचे तसेच. यादीत मुंबई असे, पुणे असे. अंबरनाथ किंवा बदलापूर असेलच असे नाही. मग अक्षांश-रेखांश हाताने भरायचे किंवा ‘मुंबईच घाला’ म्हणायचे. याने किती बिघडते ते पाहू. मुंबई आणि बदलापूर यांच्या रेखांशांत सुमारे २५ कलांचा फरक आहे. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते, म्हणून हा फरक जेमतेम पावणेदोन मिनिटांचा झाला. जन्मवेळ पाच मिनिटांनी इकडे-तिकडे लिहिली गेली तर होणारी चूक याच्या तिप्पट असते. चूक कोठे आहे हे विचारण्याआधी ती केवढी आहे हे विचारायचे, ही सवय मुलांना लावायला हे उदाहरण चांगले आहे.

गणिताचा भाग : येथे दाद द्यायला हवी

माहिती भरली की प्रोग्रॅम आपल्या कामाला लागतो. पहिल्याने तो तारखेचे ज्युलियन दिनांकात रूपांतर करतो. ही दिवसांची एक सलग मोजणी आहे. १ जानेवारी २००० च्या दुपारी ग्रिनिच येथे तिचा आकडा २४५१५४५ होता. महिने, लीप वर्षे यांची कटकट त्यामुळे मिटते. मग प्रत्येक ग्रहाची मध्यम गती धरून त्याचे मध्यम स्थान काढायचे आणि केप्लरचे समीकरण सोडवून लंबवर्तुळाकार कक्षेतील खरे स्थान मिळवायचे. हे समीकरण बीजगणिताने एका झटक्यात सुटत नाही. अंदाज घ्यायचा, सुधारायचा, पुन्हा सुधारायचा, असे चार-सहा वेळा करावे लागते. माणूस याला कंटाळतो. कॉम्प्युटर कंटाळत नाही.

सगळ्यांत अवघड चंद्र. सूर्याच्या ओढीमुळे त्याची चाल सतत बदलते. पहिली मोठी दुरुस्ती सुमारे ६.३ अंशांची, दुसरी १.३ अंशांची, तिसरी ०.७ अंशांची, आणि पुढे बारीक बारीक दुरुस्त्यांची लांबलचक रांग. बेल्जियमचे ज्याँ मेऊस यांनी १९७९ साली कॅल्क्युलेटरवर करता येतील अशी खगोलीय सूत्रे पुस्तकरूपाने दिली आणि १९९१ मध्ये त्याहून विस्तृत ग्रंथ लिहिला. घरच्या कॉम्प्युटरवर ग्रहगणित करणाऱ्या अनेकांची वाट त्यामुळे सोपी झाली. १९९७ मध्ये झुरिचच्या एका ज्योतिष संस्थेने ‘स्विस एफेमेरिस’ नावाची गणितप्रणाली तयार केली. तिचा आधार अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ग्रहस्थाने, म्हणजे ज्या आकड्यांवर अंतराळयाने ग्रहांकडे पाठवली जातात तेच आकडे. आजचे अनेक पत्रिका-प्रोग्रॅम हीच प्रणाली वापरतात.

तेव्हा पत्रिकेतील ग्रहांचे अंश-कला हा भाग उत्तम आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मराठी माणसाला तर या गणिताचा अभिमानच वाटावा. ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ १८९६ साली लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचा उपयोग शिलालेखांतील तिथी-वार तपासण्यासाठी होतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या लेखासारखे लेख वाचताना लागते ते हेच गणित. अमुक शकात अमुक तिथीला अमुक वार येत होता का, हे प्रोग्रॅमला विचारता येते, आणि त्याचे उत्तर बरोबर की चूक हे ठरवताही येते. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे ती लागणार आहे.

घड्याळ कोणते?

गणित कितीही बिनचूक असले तरी ते भरलेल्या जन्मवेळेवर उभे असते. आणि जन्मवेळ म्हणजे कोणाच्या तरी घड्याळातली वेळ. लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्राचा बिंदू, सरासरी ४ मिनिटांत एक अंश आणि दोन तासांत एक रास सरकतो. म्हणून घड्याळ कोणते हा प्रश्न येथे कळीचा ठरतो.

या दृष्टीने उल्हासनगरचे उदाहरण फार बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. १९९० च्या दशकात येथे पत्रिका करून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांत कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना येथे जन्मलेले पुष्कळ होते. त्यांच्या जन्मवेळेचे कॉम्प्युटरने काय केले असेल?

समजा, एक गृहस्थ १९४४ साली कराचीत सकाळी ७ वाजता जन्मले. युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. म्हणजे तेव्हाचे ७ हे भारतीय प्रमाणवेळेचे ६, आणि ग्रिनिचचे रात्रीचे साडेबारा. आता प्रोग्रॅमच्या यादीत कराचीपुढे आजची पाकिस्तानची वेळ, ग्रिनिचच्या ५ तास पुढची, लिहिलेली असेल तर तो ७ वाजण्याचा अर्थ ग्रिनिचचे २ असा घेईल. पाकिस्तानने ही वेळ १९५१ मध्ये स्वीकारली, हे त्याला सांगितले नसेल तर कसे कळणार? एकूण चूक दीड तासाची. तेवढ्या वेळात लग्न सुमारे २२ अंश सरकते, म्हणजे एका राशीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग. चारांतल्या तीन वेळा लग्नाची रासच बदलेल, आणि लग्न बदलले की पत्रिकेतील बाराही घरे बदलतात.

सिंधपर्यंत जायलाही नको. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली तरी मुंबई शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत चालू होता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. मुंबईत जन्मलेल्या आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरला घर केलेल्या वृद्धांच्या वेळा कोणत्या घड्याळाच्या? वहीत ते लिहिलेले नसते. ३९ मिनिटे म्हणजे सुमारे १० अंश. पडद्यावर मात्र लग्न अंश, कला, विकलांत छापून येते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. दहा अंशांची शंका असलेल्या संख्येपुढे विकला लिहिणे म्हणजे पावलांनी मोजलेल्या शेताची लांबी मिलिमीटरमध्ये सांगणे.

‘अयनांश निवडा’

यापुढचा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रोग्रॅमच स्वतःच्या तोंडाने सांगतो. सुरुवातीच्या मांडणीत एक यादी असते : अयनांश निवडा. लाहिरी, रामन, कृष्णमूर्ती आणि इतर.

अयनांश म्हणजे काय? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे वसंतसंपात ताऱ्यांच्या संदर्भात वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो. ७२ वर्षांत एक अंश. आपली पत्रिका ताऱ्यांच्या संदर्भातील, म्हणजे निरयन. म्हणून संपातापासून मोजलेल्या स्थानांतून हा फरक वजा करावा लागतो. प्रश्न असा की राशिचक्राचा आरंभबिंदू आकाशात नेमका कोठे धरायचा? तेथे खूण केलेली नाही. या प्रश्नावर महाराष्ट्रातच मोठा वाद झाला. लोकमान्य टिळक रेवती ताऱ्याच्या बाजूचे, तर व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्याच्या बाजूचे. दोन्ही पक्षांत सुमारे ४ अंशांचे अंतर. पुढे भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला धरण्यात आले. समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी यांचे नाव या अयनांशाला चिकटले. बंगळूरचे बी. व्ही. रामन यांचे अयनांश याहून सुमारे १ अंश २७ कलांनी कमी. कृष्णमूर्ती पद्धतीचे सुमारे ६ कलांनी कमी.

पंचांगासाठी यांतला कोणताही एक ठरवून सर्वांनी वापरला तर हरकत नाही. नकाशावर शून्य रेखांश ग्रिनिचला धरला तसाच हा संकेत आहे. पण भविष्य संकेतावर अवलंबून कसे असेल? विंशोत्तरी दशेचे उदाहरण घेऊ. एक नक्षत्र ८०० कलांचे. जन्माच्या वेळी चंद्र शुक्राच्या नक्षत्रात असेल तर त्या ८०० कलांना २० वर्षांची दशा. मग ८७ कलांचा फरक म्हणजे २० गुणिले ८७ भागिले ८००, म्हणजे २ वर्षे २ महिने. याचा अर्थ, लाहिरीवर बोट ठेवले तर नोकरीचा योग २०१२ साली येतो आणि रामनवर ठेवले तर २०१० साली. तापमापीच्या मागे ‘तुम्हांला आवडेल ते शून्य निवडा’ असे बटण असते, तर डॉक्टरांनी तो ताप मानला असता का?

छत्तीस गुणांची गोष्ट

एखाद्याला वाटेल की हा केवळ हौसेचा मामला आहे. कोणाचे काय बिघडते? बिघडते ते लग्न जमवताना. वधूवरांच्या जन्मनक्षत्रांवरून गुण जुळवतात. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ आणि नाडी ८, असे एकूण ३६. अठराच्या खाली आले की नकार. पूर्वी हा आकडा जोशीबुवा सांगत आणि दोन्ही घरची माणसे त्यातून काही वाट काढीत. छापील कागदावर ‘१७.५’ आल्यावर ती वाट बंद होते. कागदाशी हुज्जत घालता येत नाही.

आता हा आकडा किती पक्का आहे ते मोजू. लाहिरीऐवजी रामन अयनांश घेतले, तर ज्यांचा चंद्र नक्षत्राच्या सीमेपासून ८७ कलांच्या आत आहे त्यांचे नक्षत्र बदलेल. ८०० पैकी ८७, म्हणजे शंभरात सुमारे ११ माणसे. लग्नाला दोघे लागतात. दोघांपैकी निदान एकाचे नक्षत्र बदलण्याची शक्यता शंभरात सुमारे २१, म्हणजे पाचांत एक जोडपे. चित्रा आणि रेवती पक्षांतील ४ अंशांचा फरक घेतला तर ती शंभरात ५१ होते. अर्ध्या जोडप्यांचे गुण पुन्हा मांडावे लागतील!

सर्वांत जास्त, ८ गुण असलेल्या नाडीचेच पाहा. २७ नक्षत्रे आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटली आहेत. दोघांची नाडी एक आली तर शून्य, नाहीतर पुरे आठ. मधले काही नाही. नक्षत्रांची ओळ मांडून पाहिली तर २७ सीमांपैकी १९ सीमांवर नाडी बदलते. म्हणजे चंद्र सीमेजवळ असेल तर अयनांशाची यादी खाली-वर केल्याने एका मुलीच्या स्थळाचे आठ गुण येतात किंवा जातात.

नाडीच्या समर्थनार्थ ‘एक नाडी म्हणजे एक रक्तगट’ असे अलीकडे सांगितले जाते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे आवर्जून खोडून काढावे. एकाच इस्पितळात एकाच दुपारी जन्मलेल्या बाळांचे नक्षत्र बहुधा एक आणि म्हणून नाडीही एक असते. त्यांचे रक्तगट मात्र आईबापांकडून आलेल्या जनुकांप्रमाणे निरनिराळे असतात. शिवाय नवरा-बायकोचा रक्तगट एकच असण्यात धोका नाही. काळजी घ्यावी लागते ती आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असताना, आणि त्यावर वेळेवर देण्याचे इंजेक्शन आहे. त्यासाठी रक्त तपासावे लागते, पत्रिका नव्हे.

मंगळाचे गणित तर तोंडी होते. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मंगळ आहे म्हणायचे. बारांपैकी पाच घरे, म्हणजे शंभरात सुमारे ४२ माणसे. इतक्या माणसांना लागू पडणाऱ्या गोष्टीला दोष कसा म्हणावा?

भविष्य कोठून येते?

पत्रिकेच्या पहिल्या पानांवर आकडे असतात आणि पुढच्या पानांवर मजकूर. वाचणाऱ्याला वाटते, यंत्राने आकड्यांवरून हिशेब करून मजकूर काढला. प्रत्यक्षात येथे हिशेब संपलेला असतो. नऊ ग्रह आणि बारा घरे म्हणजे १०८ जोड्या. प्रत्येक जोडीसाठी एक परिच्छेद कोणीतरी आधी लिहून फाइलमध्ये ठेवलेला असतो. मंगळ सातव्यात आला की त्या क्रमांकाचा परिच्छेद छापायचा. ग्रह आणि राशी यांच्या आणखी १०८. म्हणून अशा लांब फलादेशात एका पानावर ‘आपण शांत स्वभावाचे आहात’ आणि दुसऱ्या पानावर ‘आपला राग अनावर असतो’ असे सुखाने शेजारी नांदतात.

तो परिच्छेद मुळात खरा आहे का, हे तपासण्याची कोणतीही पायरी प्रोग्रॅममध्ये नाही. ग्रहस्थान चुकले तर रात्री आकाशाकडे पाहून कळते. शिलालेखाची तिथी चुकली तर वार जुळत नाही. फलादेश चुकला तर काय जुळत नाही? पहिल्या भागाची विश्वासार्हता दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, एवढेच काय ते कॉम्प्युटरने केलेले काम.

फ्रान्समध्ये मिशेल गोकलँ यांनी १९६० च्या दशकाअखेर याचीच परीक्षा घेतली. कॉम्प्युटरवर पत्रिका करणाऱ्या कंपनीकडून त्यांनी एक फलादेश मिळवला आणि वर्तमानपत्रातील जाहिरातीला उत्तर देणाऱ्या लोकांना तोच एक मजकूर ‘तुमचे भविष्य’ म्हणून पाठवला. उत्तरे देणाऱ्यांपैकी शंभरातील ९४ जणांना तो आपल्याला तंतोतंत लागू वाटला. तो होता मार्सेल पेतियो याचा. अनेक खुनांबद्दल १९४६ साली त्याला फाशीच्या शिक्षेनुसार गिलोटिनखाली मृत्यू आला होता.

‘यंत्राला अंतःस्फूर्ती नसते’

यावर ज्योतिषांचे एक उत्तर ठरलेले आहे : कॉम्प्युटर फक्त गणित करतो, फळ सांगायला अनुभवी माणूसच पाहिजे. हे म्हणणे न्यायाने तपासले पाहिजे, आणि ते महाराष्ट्रातच तपासले गेले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ही चाचणी २००८ मध्ये घेतली. तिचा अहवाल २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. शाळांतील १०० हुशार आणि विशेष शाळांतील बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुले निवडली. त्यांच्या पत्रिका बाजारात मिळणाऱ्या ज्योतिष प्रोग्रॅमवरच काढल्या. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची हे गुप्त ठेवले. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन त्यांचे हे दोन गट ओळखायला सांगितले.

सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवूनही सरासरी २० बरोबर यावीत. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची २४ बरोबर आली आणि सर्वांची मिळून सरासरी निम्म्याच्या खाली राहिली. ‘पण एकाची तरी २४ आली ना?’ असे मुले विचारतील. हिशेब केला तर, २७ जणांनी नुसते नाणे उडवले असते तरी त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा अधिक मिळाले असते. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिका पाहिल्या. १०२ बरोबर आल्या.

येथे गणित प्रोग्रॅमने केले, फळ अनुभवी माणसांनी पाहिले, आणि प्रश्नही बारीक नव्हता. बुद्धीचा एवढा ढोबळ फरक पत्रिकेत दिसत नसेल, तर साडेसतरा आणि अठरा यांतला फरक तीत कोठून दिसणार?

वर्गात करून पाहण्यासारखे

ज्या यंत्राने ही समजूत पसरवली तेच यंत्र ती तपासायलाही उपयोगी पडते. जोशीबुवांना एकच पत्रिका दहा वेळा वेगवेगळी मांडायला सांगता येत नव्हते. प्रोग्रॅमला सांगता येते. शिक्षकांसाठी आम्ही चार प्रयोग सुचवतो.

पहिला : एक काल्पनिक जन्मवेळ घ्या. ती दोन-दोन मिनिटांनी पुढे नेत लग्न केव्हा बदलते ते नोंदवा. मग वेळ तीच ठेवून फक्त अयनांश बदला. दशा किती वर्षे-महिने सरकली याचा तक्ता करा.

दुसरा : मुलांनी घरून आपापली जन्मवेळ विचारून आणावी, नाव न लिहिता चिठ्ठीवर फक्त मिनिटांचा आकडा लिहावा. बाळे घड्याळ पाहून जन्मत नाहीत, म्हणून ० किंवा ५ ने संपणारी मिनिटे शंभरात २० असावीत. प्रत्यक्षात किती आहेत ते मोजा. जास्तीच्या चिठ्ठ्या म्हणजे कोणीतरी अंदाजाने पूर्ण केलेल्या वेळा. कृष्णमूर्ती पद्धतीतील सर्वांत लहान भाग ४० कलांचा असतो आणि लग्न तो २ मिनिटे ४० सेकंदांत ओलांडते, हे या तक्त्याशेजारी लिहावे.

तिसरा : चार-पाच फलादेशांतून नावे आणि तारखा काढून टाका, त्यांत एक पूर्णपणे दुसऱ्याच कोणाचा मिसळा आणि आपला कोणता ते मुलांना ओळखायला सांगा. मात्र हे मजकूर शिक्षकांनी स्वतःचे किंवा काल्पनिक वेळांचे घ्यावेत. मुलांच्या खऱ्या पत्रिका वर्गात आणू नयेत. घरातील एखादी दुखरी गोष्ट त्यात असू शकते.

चौथा : ‘स्टेलेरियम’सारखा फुकट मिळणारा आकाशदर्शनाचा प्रोग्रॅम घ्या, आपल्या गावचे अक्षांश-रेखांश भरा आणि आज संध्याकाळी गुरू किंवा शनी कोठे दिसेल ते काढा. मग शाळेच्या गच्चीवर जाऊन पाहा. ग्रह सांगितल्या जागी दिसेल. पत्रिकेच्या प्रोग्रॅमचा खरा भाग कोणता, हे मुलांच्या कायम लक्षात राहील.

आणि शाळेबाहेरही एक उपयोग आहे. उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, एखादा पालक ‘गुण जुळत नाहीत म्हणून चांगले स्थळ सोडतो आहे’ असे सांगत आला, तर त्याच्या श्रद्धेशी वाद घालण्याची गरज नाही. त्याच प्रोग्रॅमवर, त्याच दोन जन्मवेळांनी, लाहिरी, रामन आणि रेवती पक्ष अशी तीन पाने छापून आणायला सांगावे. तिन्ही पानांवर एकच आकडा असला तर तो योगायोग कसा ते समजावता येईल. आणि आकडे वेगळे आले, तर त्यांतला कोणता त्याच्या मुलीचा, हे त्याने प्रोग्रॅम विकणाऱ्याला विचारावे.